उत्तर पिशवीबद्दल असतं

‘बाकी गणितात पैकीच्या पैकी, पण संभाव्यता आली की हात गार पडतात.’ परीक्षा जवळ आली की पालक हमखास हीच काळजी घेऊन येतात. त्यातल्याच एका पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल सांगते.

पहिल्या दोन भेटींत ती ‘मला हे जमणारच नाही’ एवढंच म्हणत राहिली. तिसऱ्या भेटीत मी कापडी पिशवीत 3 लाल आणि 2 निळी बटणं टाकली.

‘न बघता एक काढायचं. लाल येण्याची संभाव्यता?’

‘3/5.’

‘काढ.’

निळं आलं. तिचा चेहरा उतरला. ‘बघा मॅडम, चुकलंच माझं.’

तिची अडचण सूत्रात नव्हतीच! 3/5 म्हणजे भाकीत आणि निळं बटण म्हणजे आपली चूक, असं तिनं मनाशी धरलं होतं. माणसाला घटनेपेक्षा तिचा आपणच लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते. तो अर्थ इतका उघडा क्वचितच सापडतो.

‘तुझं उत्तर पिशवीबद्दल आहे. हाताला काय लागेल याबद्दल नाही.’

बटण बोटांत फिरवत ती बराच वेळ गप्प होती. ‘म्हणजे निळं आलं तरी 3/5 बरोबरच?’

मग दर वेळी बटण परत टाकत आम्ही 50 वेळा काढलं. 32 लाल. ‘30 नाही आली,’ ती म्हणाली, पण आता आवाजात भीती नव्हती, कुतूहल होतं. जितक्या जास्त वेळा काढू, तितकं प्रमाण 3/5 जवळ जाण्याची खात्री वाढते. स्विस गणितज्ञ याकोब बर्नुलीनं हे सिद्ध केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर 1713 साली छापलं गेलं. त्याच्या उदाहरणात 3000 पांढरे आणि 2000 काळे खडे होते. आमच्याच पिशवीचं प्रमाण! हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

पालकांनो, सूत्र घोकून घेऊ नका, पिशवी हातात द्या. दोन बटणं काढायची असतील तर एकच विचारा: ‘पहिलं परत टाकलं का?’ टाकलं, तर पिशवी तीच. दोन्ही लाल येण्याची संभाव्यता 3/5 × 3/5, म्हणजे 9/25. नाही टाकलं, तर उरली 4, त्यांत लाल 2; म्हणून 3/5 × 2/4, म्हणजे 3/10. परत टाकत खेळताना ‘तीनदा निळं आलं, आता लालच येणार’ असं मूल म्हणालं तर खोडून काढू नका. पिशवी उघडून मोजायला सांगा.

शेवटच्या भेटीत तिनं स्वतःच गणित घातलं: परत न टाकता दोन वेगळे रंग येण्याची संभाव्यता किती? ‘लाल मग निळं, 3/10. निळं मग लाल, तेही 3/10. मॅडम, पुन्हा 3/5च आलं!’