दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडणारी डिझाइन फाइल देताना

तुम्ही कोरलड्रॉमध्ये काम करत असाल आणि पुढची व्यक्ती इंकस्केप वापरत असेल, तर नुसती मूळ सीडीआर फाइल पाठवू नका. रेषाचित्रासाठी एसव्हीजी द्या. २००१ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेले हे खुले फाइल-स्वरूप बहुतेक व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी चित्र काढणारे) प्रोग्रॅम वाचतात. छपाईचे सीएमवायके रंग मात्र त्यात टिकत नाहीत, त्यासाठी पीडीएफच बरी. अडोबीच्या इलस्ट्रेटर या डिझाइन प्रोग्रॅमची एआय फाइल द्यायचीच असेल, तर सेव्ह करताना पीडीएफ सुसंगततेचा पर्याय चालू ठेवा, कारण इंकस्केप त्यातला पीडीएफचा भागच वाचतो.

सर्वाधिक घोळ मजकुराचा होतो. अक्षरांचे कर्व्ह केले, म्हणजे अक्षरे नुसत्या आकारांत बदलली, की जोडाक्षरे सगळीकडे तशीच दिसतात, पण एक काना दुरुस्त करायचा तरी तो टाइप करता येत नाही. म्हणून एक प्रत कर्व्ह केलेली आणि दुसरी मजकूर जिवंत, म्हणजे टाइप करून बदलता येईल असा, ठेवलेली, फाँटच्या नावासह, अशा दोन्ही द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे.

मापही तपासा: इलस्ट्रेटर इंचाला ७२ पिक्सेल धरतो आणि इंकस्केप ९६, त्यामुळे एसव्हीजीतून गेलेले १०० मिलिमीटरचे चित्र ७५ मिलिमीटरचे होऊ शकते.