पावसाळ्यातले फोटो फिके आले तर एडिटिंगने सुधारतात का? आणि खरं मत विचारायचं कुणाला?

तुम्ही लिहिलंय की हरिश्चंद्रगड आणि कास, दोन्हीकडचे फोटो घरी येऊन बघितले आणि हिरमोड झाला. सगळं धुकट, आकाश पांढरंफटक, फुलं म्हणजे नुसते ठिपके. घरच्यांना दाखवले तर ‘छान आलेत’ म्हणून फोन परत हातात. कुठलं ॲप वापरू आणि खरं मत कुणाकडून मिळेल, असे तुमचे दोन मुख्य प्रश्न, शिवाय एडिटिंग म्हणजे फसवणूक तर नाही ना अशी शंका. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते क्रमही तोच हवा: आधी दाखवा, मग एडिट करा. बहुतेक जण उलट करतात. रात्री जागून स्लायडर ओढत बसतात आणि मग दाखवतात. तोवर त्या फोटोवर एवढा जीव जडलेला असतो की कुणी जरा काही बोललं की नाकाला मिरच्या झोंबतात.

हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याचा फोटो बघताना दरीतून अंगावर येणारा वारा, भिजलेले बूट, मागून हाका मारणारे मित्र हे सगळं तुमच्या डोक्यात आपोआप मिसळतं. बघणाऱ्यासमोर मात्र फक्त चौकट असते. म्हणून ट्रेकला न आलेल्या माणसाला विचारावं. ‘कसा वाटला?’ असं विचारूच नका, त्याला आपल्याकडे एकच उत्तर ठरलेलं आहे. फोटो दोन-तीन सेकंद दाखवा, फोन पालथा ठेवा आणि विचारा, ‘काय काय दिसलं?’

माझ्या एका मित्राने कड्याचा असाच फोटो त्याच्या आईला दाखवला. काकू लगेच म्हणाल्या, “ती निळी पिशवी कुणाची रे?” उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी रेनकोटचं टोक आलं होतं. मित्राने तो फोटो कितीदा तरी बघितला असेल, पण ते निळं त्याला दिसलंच नव्हतं. काकूंना फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही, पण सगळी चौकट राखाडी-हिरवी असताना एकच चटक रंग असेल तर कुणाचीही नजर आधी तिथेच जाणार. त्याने उजवी बाजू कापली. रेनकोट गेलाच, शिवाय मधोमध अडकलेली कड्याची कडही एका बाजूला सरकली. स्लायडरला हात लावायच्या आधीच अर्धं काम झालं.

जाणकार माणूस मत देतो तेव्हा थोडं सावध राहा. दुखतंय कुठे ते तो बरोबर सांगतो, पण औषध त्याच्या आवडीचं असतं. ‘आकाश बदलून टाक’ म्हणाला तर त्याला आकाश खुपतंय एवढंच घ्या, उपाय तुमचा तुम्ही ठरवा. वेगवेगळी माणसं एकाच जागी अडखळली तर तिथे नक्की काहीतरी आहे. दुसऱ्याच्या फोटोवर बोलायची वेळ आली तर ‘कंपोझिशन सुधारा’ म्हणून त्याच्या हाती काही लागत नाही. ‘डावीकडचा दगड कापून बघ, माणूस त्याच्यात घुसल्यासारखा दिसतोय’ असं म्हटलं तर तो घरी जाऊन लगेच करून बघेल. आणि हो, मत मागताना फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर समोरचा दाबून बारीक झालेली फाइल बघून ‘शार्प नाही’ म्हणेल.

आता एडिटिंग. ॲपचं फारसं महत्त्व नाही. फोनवर स्नॅपसीड फुकट आहे आणि पुरेसं आहे, कॉम्प्युटरवर डार्कटेबल फुकट आहे, लाइटरूम येत असेल तर उत्तमच. धुकट फोटोचा हिस्टोग्राम उघडून बघा, म्हणजे डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं यात कुठल्या उजेडाचा भाग किती आहे ते दाखवणारा आलेख. आलेखाचा सगळा उंचवटा मध्ये गोळा झालेला दिसेल आणि दोन्ही टोकं रिकामी. म्हणजे फोटोत काळं असं काहीच नाही. ‘ब्लॅक्स’ हळूहळू खाली आणा, डाव्या टोकाला जेमतेम टेकेपर्यंत. फिकेपणा बराचसा इथेच जातो. उजवं टोक मात्र तसंच रिकामं राहू द्या. ते ताणलंत तर धुक्याचे पदर फाटून पांढरे डाग पडतात. धुकं कमी करणारा डीहेझचा स्लायडर पूर्ण ओढायचा मोह सगळ्यांना होतो. त्याने कड्याच्या रेषेभोवती उजळ झालर येते, दाणे दिसू लागतात आणि ज्या धुक्यासाठी गडावर गेलात तेच पुसलं जातं. त्यापेक्षा जवळच्या खडकावर ब्रश फिरवून फक्त तिथे कॉन्ट्रास्ट वाढवा. पुढचं ठळक झालं की मागचं धुकं आपोआप खोल वाटतं.

हिरव्याबद्दल एक. पावसाळ्यातला फोटो दिसला की लोक सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवतात आणि गवत प्लॅस्टिकच्या तोरणासारखं दिसायला लागतं. उलट करून बघा: फक्त हिरव्याचं सॅच्युरेशन थोडं कमी, त्याचा ह्यू (रंगछटा) जरासा पिवळ्याकडे, उजळपणा किंचित खाली. ढगाळ उजेडाने सगळं निळसर झालेलं असतं, म्हणून व्हाइट बॅलन्स (रंगांचा निळसर-पिवळसर तोल) थोडा उबदार करा. मग फोन बाजूला ठेवा आणि सकाळी स्क्रीनचा ब्राइटनेस निम्मा करून बघा. रात्री ‘जबरदस्त’ वाटलेलं बरंचसं तेव्हा मागे घ्यावंसं वाटतं.

पांढऱ्याफटक आकाशाला मात्र इलाज नाही. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला उजेडाच्या 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात. आकाश तिन्ही रंगांत 255 ला जाऊन धडकलं असेल तर तिथे माहितीच उरलेली नाही, हायलाइट्स (उजळ भाग) खाली ओढले की पांढऱ्याचं मळकट राखाडी होतं, बस. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल, 14 बिटची असेल तर 16,384 पायऱ्या मिळतात आणि बरंच परत आणता येतं, पण सेन्सरच भरून गेला असेल तर तीही हात वर करते. आकाश कापा, किंवा फोटो कृष्णधवल करून ते रिकामेपण चालवून घ्या. निळं आकाश चिकटवू नका. ओल्या कातळावर कुठेच सावली नाही आणि वर लख्ख ऊन, हे न शिकलेल्या डोळ्यालाही खटकतं. हात हललेला फोटोही सोडून द्या. शार्पनिंगने तो फक्त खरखरीत होतो.

कासचा प्रश्न वेगळा आहे. उभ्याने, वाइड लेन्सने पठार काढलं की सोनकी आणि तेरडा सगळीकडे सारखे विखुरतात आणि नजर कुठे टेकतच नाही. एडिटिंगने फुलं वाढत नाहीत, पण चौकट लहान करता येते. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 असतो. लांबी-रुंदी निम्मी केलीत तरी 2000 बाय 1500 उरतात, आणि 6 बाय 4 इंचाच्या उत्तम प्रिंटला 1800 बाय 1200 पुरतात. तेव्हा फुलांचा एखादा दाट पट्टा बघून निर्धास्त कापा. तेरड्याचा गुलाबी सपाट, पाकळ्यांविना दिसतो का? मग बहुधा लाल चॅनल भरून गेलाय. एकूण उजेड ठीक असला तरी एकटा लाल कमाल मर्यादेला टेकतो. गुलाबी-जांभळ्याचं सॅच्युरेशन आणि उजळपणा दोन्ही खाली आणा, रॉ असेल तर पाकळ्यांच्या शिरा परत येतात. सीतेची आसवं या फुलांच्या निळ्या-जांभळ्यालाही हाच त्रास होतो.

शेवटी तुमची शंका, की एडिटिंग ही फसवणूक नाही का. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकी छायाचित्रकाराने 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला आणि पुढची कित्येक वर्षं डार्करूममध्ये त्याच एका निगेटिव्हचे प्रिंट काढताना आकाश अधिकाधिक काळं करत नेलं. उजेड-सावली कमीजास्त करणं हे छायाचित्रणाइतकंच जुनं आहे. बातमीचा फोटो असेल तर गोष्ट निराळी, तिथे रेनकोटचं टोक कापता येईल, पण पुसून टाकता येणार नाही. तुमच्या ट्रेकच्या फोटोला ते बंधन नाही. मी स्वतः पुसण्यापेक्षा कापणं पसंत करतो, पण ती माझी आवड झाली.

पुढच्या वेळी जाल तेव्हा फोनच्या कॅमेऱ्यात रॉ चालू करा, आणि धुक्यात फोटो काढताना हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर थोडं उणे करा. अंधारलेला फोटो उजळता येतो. कास-गडाच्या सध्याच्या फोटोंतून आधी चार-पाचच निवडा आणि ते ट्रेकला न आलेल्या कुणाला तरी दाखवा. बाकीचे तूर्त तसेच राहू देत.