भाड्याची कॅराव्हॅन घाटात बंद पडली. इंजिनाचा खर्च कोणी सोसायचा?

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे. डिसेंबरच्या सुट्टीत पती, दोन मुले आणि सासूबाई यांच्यासह कोकण पाहण्यासाठी पुण्यातील एका व्यावसायिकाकडून स्वतः चालवायची कॅराव्हॅन (आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) पाच दिवसांसाठी घेतली. भाडे ४५,००० रुपये, अनामत ३०,००० रुपये आणि वर सही केलेला कोरा धनादेश. दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याजवळ इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जाऊ लागला. मालकाला व्हॉट्सॲपवर कळवले, तर ‘काही होत नाही, पाणी टाका आणि चालवा’ असे उत्तर आले. तिसऱ्या दिवशी परतताना साखरप्याच्या पुढे आंबा घाटात काटा लाल पट्ट्यात गेला. थांबायला जागा नव्हती म्हणून पतींनी गाडी आणखी तीन-चार किलोमीटर रेटली आणि ती वाफ सोडत बंद पडली. मलकापूरच्या मेकॅनिकला रेडिएटरच्या होजपाइपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने आवळलेली दिसली. त्याचा फोटो आमच्याकडे आहे. मालक अनामत देत नाही. उलट इंजिनकामाचे १,१०,००० आणि गाडी उभी राहिल्याचे ७५,००० रुपये मागतो, पतींचा परवाना ‘अशा गाडीला चालत नाही’ म्हणतो आणि धनादेश बँकेत टाकण्याची व पोलिसांत जाण्याची धमकी देतो. करारात ‘वाहन जसे आहे तसे’, ‘सर्व बिघाड ग्राहकाच्या जबाबदारीवर’ आणि ‘वाद फक्त पुण्यात’ अशी कलमे आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : आपली बाजू भक्कम आहे, पण तिच्यात एक कच्चा दुवा आहे आणि तो आपणच प्रामाणिकपणे लिहिला आहे. दोन्हींचा विचार एकत्र करावा लागेल.

वाहन भाड्याने देण्याच्या व्यवहाराला भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील निक्षेपाच्या, म्हणजे आपली वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देण्याच्या, तरतुदी लागू होतात. त्यातील कलम १५० सांगते की वस्तू देणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले दोष घेणाऱ्याला उघड केले पाहिजेत. आणि वस्तू भाड्याने दिली असेल, तर दोष त्याला ठाऊक असो वा नसो, त्यातून होणाऱ्या नुकसानीस तो जबाबदार राहतो. गंमत अशी की या कलमाखाली कायद्याने दिलेले उदाहरणच भाड्याच्या गाडीचे आहे : गाडी असुरक्षित आहे हे मालकाला माहीत नव्हते, तरी ती भाड्याने घेणाऱ्याला इजा झाली तर मालक जबाबदार. ते उदाहरण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घोड्याची गाडी असणार, पण नियम आपल्या कॅराव्हॅनलाही तसाच लागू पडतो.

म्हणूनच तो ट्यूबच्या पट्टीचा फोटो मला सगळ्या कागदपत्रांपेक्षा मोलाचा वाटतो. भर घाटात कोणी सायकलची ट्यूब कापून, व्यवस्थित गुंडाळून वर तार आवळत बसत नाही. ते काम आधीचे आहे, आणि ते ज्याने केले किंवा करून घेतले त्याला होज गळत होता हे कळलेले होते. ‘जसे आहे तसे’ या शब्दांनी उघड दिसणाऱ्या जुनेपणाला, फाटक्या गादीला किंवा न चालणाऱ्या फ्रिजला कदाचित संरक्षण मिळेल. झाकून ठेवलेल्या दोषाला मिळणे अवघड आहे. मेकॅनिककडून तारीख, गाडीचा क्रमांक, नेमके काय आढळले आणि ते किती जुने दिसत होते एवढे सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यावे. ‘पाणी टाका आणि चालवा’ हा संदेश ज्या फोनवर आहे तो फोन विकू नये, बदलू नये. स्क्रीनशॉट पुरेसा समजू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेले बरे.

आता कच्चा दुवा. करार अधिनियमाच्याच कलम १५१ प्रमाणे वस्तू भाड्याने घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. काटा लाल पट्ट्यात गेल्यावर इंजिन बंद करावे, हे कोणताही चालक जाणतो. गळका होज बदलायला फारसा खर्च येत नाही. तापलेले इंजिन तसेच चालवले की हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाचा सांधा घट्ट बंद ठेवणारी पट्टी) जाते आणि खर्च लाखावर जातो. मालकाचा वकील नेमके या तीन-चार किलोमीटरांवर बोट ठेवील. आपले उत्तर दोन भागांचे असेल : पहिले, घाटाच्या त्या वळणांवर पाच माणसांनिशी मोठी गाडी रस्त्यातच उभी करणे म्हणजे अपघातालाच निमंत्रण देणे झाले असते; दुसरे, काट्याची तक्रार आदल्या दिवशीच केली होती आणि चालवत राहण्याचा सल्ला मालकाचाच होता. माझ्या मते हे उत्तर टिकेल. तरीही इंजिनाच्या खर्चातला काही वाटा आपल्याकडे येण्याची शक्यता मी नाकारणार नाही, आणि नोटिशीत ‘गाडी लगेच थांबवली’ असे खोटे लिहू नये अशी आग्रहाची सूचना करीन. मेकॅनिकच्या उलटतपासणीत ते वाक्य उघडे पडले, तर खरा असलेला बाकीचा भागही संशयास्पद ठरतो.

गाडी उभी राहिल्याच्या ७५,००० रुपयांचे मला फारसे भय वाटत नाही. बिघाडाचे मूळ मालकाच्या होजमध्ये आहे, आणि करार अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई मागणाऱ्याने नुकसान कमी ठेवण्यासाठी काय केले हेही पाहिले जाते. अनामत जप्त करण्याचे कलम दाखवले गेले, तर कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई.

परवान्याचा आक्षेप तर त्याच्याच अंगाशी येणारा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे परिवहन वाहनही वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजन तेवढे पाहून घ्यावे. त्याच वेळी गाडीच्या फोटोंतील नंबरपाटीही पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढरी पाटी असेल तर गाडी खासगी म्हणून नोंदलेली आहे, आणि मग ती भाड्याने देणे हाच मोटार वाहन अधिनियमाचा भंग होतो. शिवाय खासगी वापराच्या विमा पॉलिसीत भाड्याचा वापर सहसा वगळलेला असतो. मात्र ‘पैसे द्या, नाहीतर आरटीओकडे जातो’ असे लेखी वा तोंडी कधीही म्हणू नये. तक्रार करायची तर करावी. तिचा सौदा केला की खंडणीचा आरोप ओढवतो.

दाद मागण्याचे ठिकाण सातारा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे ‘फक्त पुण्यात’ या कलमाने आपली वाट अडू नये. सेवेसाठी मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अनामत ३०,०००, न वापरलेल्या दोन दिवसांचे १८,०००, टोइंग, त्या रात्रीचे लॉज आणि घरी परतण्याची टॅक्सी यांच्या पावत्यांसह मागणी करावी. मानसिक त्रासाची रक्कम माफक ठेवावी, फुगवलेला आकडा पाहून कोणी अधिक देत नाही. अनुचित करार रद्द ठरवण्याचा स्पष्ट अधिकार कायद्याने राज्य व राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, पण एवढ्या रकमेसाठी राज्य आयोगाच्या फेऱ्या मारण्याचा सल्ला मी देणार नाही. सेवेतील त्रुटी आणि दडवलेला दोष एवढ्यावर साताऱ्यात प्रकरण उभे राहते.

पोलिसांचे बोलावणे आलेच, तर कागद घेऊन जावे आणि लेखी म्हणणे द्यावे. गाडी परत मिळालेली असताना, बेइमानीचा हेतू दाखवल्याशिवाय हा फौजदारी विश्वासघात होत नाही.

खरी घाई आहे ती कोऱ्या धनादेशाची. सही आपली असेल तर रक्कम दुसऱ्याने भरली तरी परक्राम्य संलेख अधिनियमातील, म्हणजे धनादेशांच्या कायद्यातील, ‘धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला’ हे गृहीतक आपल्याविरुद्ध लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून आधी मालकाला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवावे : धनादेश केवळ तारण म्हणून दिला होता, इंजिनाचे देणे आम्ही अमान्य करतो, तो परत करावा, आणि इंजिनाचे काढलेले जुने भाग व तो होज तपासणीसाठी जपून ठेवावा. या पत्राची प्रत जोडून बँकेला पैसे न देण्याची लेखी सूचना द्यावी, परंतु खात्यात पुरेशी रक्कम ठेवावी. कारण नुसते ‘पेमेंट थांबवले’ म्हणून त्याच अधिनियमाचे कलम १३८ (धनादेश न वटण्याचा गुन्हा) टळत नाही, मात्र पैसे असूनही वादग्रस्त देण्यामुळे थांबवले हा बचाव मांडता येतो. धनादेश परत गेल्याची नोटीस आली, तर पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलेच पाहिजे. ग्राहक आयोगाची तक्रार पुढच्या महिन्यात दाखल झाली तरी चालेल. ही दोन पत्रे मात्र याच आठवड्यात जाऊ द्यावीत.