आडवी गाडी आणि मनगटातली कळ

प्रश्न : ताई, वयाच्या सदतिसाव्या वर्षी मोटरसायकल शिकलो. त्याआधी फक्त सायकल. १५० सीसीची गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. परवाच्या रविवारी घरी येताना फाटकातून उजवीकडे आत वळत होतो, वेग चालण्याइतका. तिथे बारीक खडी पडलेली आहे आणि आत थोडा उतार आहे. शेजारचा मुलगा चेंडूमागे धावताना दिसला, मी पटकन ब्रेक दाबला आणि गाडी उजव्या कुशीवर झोपली. मुलगा बराच लांब होता. उलट त्यानेच येऊन विचारलं, ‘‘काका, पडलात?’’ तळहात खरचटला, आरसा फिरला, इंडिकेटर तुटला. गाडी मला एकट्याला उचलेना, दोघांना बोलवावं लागलं. अकरा दिवस झाले, ती कव्हर घालून उभी आहे. बाटलीचं झाकण पिळताना उजव्या मनगटात कळ येते, तेवढं सोडलं तर मी ठणठणीत आहे. घरचे म्हणतात, आता हे वय नाही, विकून टाक. इतक्या हळू जाताना जो पडतो, त्याने मोटरसायकल चालवावी का?

उत्तर : गाडीचं नंतर बघू. ‘तेवढं सोडलं तर’ म्हणून तुम्ही जे बाजूला सारलंत, तेच मला आधी हवंय.

उजव्या हाताचा अंगठा वर, मागच्या बाजूला ताणा. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन शिरांच्या मधे एक खळगा पडतो. त्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. दुखलं तर आजच हाडांच्या डॉक्टरांकडे जा. न दुखलं तरी अकरा दिवसांनी कळ येतेय म्हणजे दाखवायला हवंच. त्या खळग्याखाली स्कॅफॉईड नावाचं होडीच्या आकाराचं छोटं हाड असतं. पडताना आपण हात टेकतो तेव्हा ते मोडू शकतं, आणि सूज फारशी नसल्यामुळे माणूस ‘मुरगळलंय’ म्हणून मोकळा होतो. पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसतही नाही, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढतात. या हाडाला रक्तपुरवठा बेताचा असतो, दुर्लक्ष केलं तर ते जुळायला फार त्रास देतं. हे पुस्तकातून सांगत नाहीये. मी दीड महिना क्रेप बँडेज गुंडाळून मोटरसायकलच्या शिकवण्या घेत फिरले होते, आणि मग प्लास्टर.

तळहात खरचटलाय तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा. आणि हेल्मेट जमिनीला लागलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दणका बसला असेल तर ते बदला. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की दबलेलाच राहतो, बाहेरून काही दिसो न दिसो.

आता पडण्याचं. तुम्ही हळू जात होतात *तरी* पडलात, असं तुम्हाला वाटतंय. मी म्हणेन, हळू जात होतात म्हणूनच पडलात. वळताना गाडी आतल्या बाजूला थोडी कललेली असते आणि ती पुढे सरकत असते तोवरच तो कल सांभाळला जातो. तुम्ही हँडल वळलेलं असताना उजव्या हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबलात. (कोणता ब्रेक ते तुम्ही सांगितलेलं नाही, पण दचकलेल्या माणसाची मूठच आवळते.) पुढचं चाक थांबलं, खाली खडी, वेग संपला, आणि उरलं काय तर एका बाजूला कललेलं दीडशे किलोच्या आसपासचं वजन. तुम्ही उजवा पाय टाकला असणार, पण उतारामुळे तिकडची जमीन चार बोटं खाली होती. चार बोटं पुष्कळ झाली. पाय टेकेपर्यंत गाडी हाताबाहेर गेलेली असते, मग टाच टेको नाहीतर चवडा.

यावरून ‘पुढचा ब्रेक वाईट’ असा अर्थ काढू नका. माझ्याकडे शिकायला येणारे निम्मे लोक एकदा पडल्यावर हाच धडा घेतात आणि पुढे भर रस्त्यात मागच्या एका ब्रेकवर गाडी थांबवायला जातात. सरळ जाताना तुम्हाला थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त चालण्याच्या वेगात हँडल वळलेलं असेल तर बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर नकोत. तिथे हाफ क्लच (म्हणजे क्लच अर्धाच सोडलेला), स्थिर एक्सलरेटर आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय. थांबायचंच असेल तर आधी हँडल सरळ, मग ब्रेक.

वयाचंही एकदा मिटवू. हॅरी हर्ट या अमेरिकन अपघात-संशोधकाच्या गटाने लॉस एंजेलिसमध्ये ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. अहवाल १९८१ चा आहे. त्यांतल्या निम्म्याहून अधिक चालकांना *त्या* गाडीवर पाच महिनेही झालेले नव्हते, रस्त्यावरचा एकूण अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा होता. तुमचे झालेत तीन आठवडे. म्हणजे प्रश्न वयाचा नाही, त्या गाडीच्या सवयीचा आहे.

गाडी उचलता आली नाही याची लाज कव्हरखाली झाकलेली दिसते. उचलायची रीतच कोणी शिकवत नाही. आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडते. (माझी गेली आहे. बघणारे टाळ्या वाजवायचे बाकी होते.) उतार असेल तर गिअरमध्ये टाका. हँडल पूर्ण उजवीकडे वळवा, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. गाडीकडे पाठ करून खाली बसा, ढुंगण सीटच्या कडेला टेकवा, एका हातात ती मूठ, दुसऱ्या हातात मागची कडी, आणि पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत जा. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. पण मनगटाचा निकाल लागेपर्यंत हे करून बघू नका.

सुरू करण्याआधी गाडी नीट बघा. इंडिकेटरचं राहू दे, ते डोळ्यांना दिसतं. उजव्या कुशीवर पडलेल्या गाडीत मी पहिला हात घालते तो एक्सलरेटरला. मूठ आत ढकलली जाऊन टोकाला घासायला लागते. पिळा आणि सोडा; टक्कन परत यायला हवी, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनसुद्धा. रेंगाळली तर गाडी जागेवरून हलवायची नाही. मग ब्रेकचं लिव्हर मुठीला टेकत नाही ना, पायाचा ब्रेक वाकून इंजिनाला घासत नाही ना, खाली पेट्रोल किंवा ऑईल नाही ना. शेवटी पुढचं चाक गुडघ्यांत धरा आणि वरून बघा. चाक सरळ पण हँडल तिरकं दिसलं तर फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) पिळला गेलाय. मेकॅनिक बघेल, बहुतेक वेळा बोल्ट सैल करून जागेवर येतो.

हात बरा झाला की मोकळ्या मैदानात दोन रिकाम्या बाटल्या ठेवा आणि उजवीकडेच वळा, कारण भीती त्याच बाजूला बसली आहे. नजर बाटलीवर नको, जिथे निघायचंय तिथे. दहा वेळा हँडल सरळ करून थांबा. मग ते फाटक.

चालवा हो. पण त्याआधी फाटकापाशी झाडू मारा, ती खडी अजून तिथेच असेल.