पहिली सुपरकंडक्टिव्हिटी कॉन्फरन्स आणि तुझं पोस्टर

अगं, पोस्टर सिलेक्ट झालं ना, मग घाबरतेस कशाला! सगळ्यात आधी पैशाचं बघ. अ‍ॅक्सेप्टन्सचं पत्र आलं की त्याच दिवशी ट्रॅव्हल सपोर्टचा फॉर्म भरायला घे, गाइडच्या सहीसाठीच दिवस जातात, आणि आयोजकांना स्टुडंट फी-माफीबद्दल सरळ मेल टाक, त्यात लाज कसली.

आता पोस्टर. नवे लोक हमखास काय करतात, तर 1911 साली पाऱ्यात सुपरकंडक्टिव्हिटीचा (खूप थंड केल्यावर विजेचा रेझिस्टन्स पार शून्य होण्याचा) शोध लागला इथपासून इतिहास लिहितात. तिथे आलेल्या प्रत्येकाला तो पाठ असतो गं! मधोमध दोनच ग्राफ मोठे लाव, रेझिस्टन्स आणि मॅग्नेटायझेशन. नुसता रेझिस्टन्स शून्य दाखवलास तर पहिलाच प्रश्न येणार की माइसनर इफेक्ट (सॅम्पलनं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलणं, जे मॅग्नेटायझेशनच्या ग्राफात दिसतं) कुठाय, कारण एखादी बारीक सुपरकंडक्टिंग वाटसुद्धा रेझिस्टन्स शून्यावर आणते, बाकी सॅम्पल साधंच असू शकतं. आणि टीसी (सॅम्पल सुपरकंडक्टिंग होतं ते तापमान) लिहिताना ऑनसेटचा (रेझिस्टन्स पडायला लागतो तिथला) की शून्याचा ते स्पष्ट लिही, यावरून लोक भांडतात (खरंच).

बाकी थोडक्यात:
- दोन मिनिटांत काम सांगायची प्रॅक्टिस.
- पोस्टरच्या बाजूला उभी राहा, समोर नाही.
- येत नसेल तर 'माहीत नाही, बघून सांगते' म्हण आणि प्रश्न वहीत लिहून घे.

जाण्याआधी इथे इंदूरात खंडवा रोडवरच्या यूजीसी-डीएई या रिसर्च सेंटरमधल्या कुणा सीनियरला पोस्टर दाखव, ती मंडळी रोज लो टेम्परेचरमध्येच असतात, कडक प्रश्न इंदूरातच ऐकलेले बरे. व्होर्टेक्स (सुपरकंडक्टरमध्ये शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राचे भोवरे), पिनिंग (ते जागीच अडकणं) वगैरे पोस्टरवर सध्या राहू दे. ड्राफ्ट झाला की मलाही पाठव, रविवारी बघते.