प्रॉक्सी लावून फेक अकाउंट उघडणाऱ्यांना साइटवर ब्लॉक कसं करायचं?

प्रॉक्सी म्हणजे स्वतःचा पत्ता लपवायला मधे घेतलेला दुसरा सर्व्हर. असे सगळे प्रॉक्सीवाले पकडता येत नाहीत, पण फुकटातले प्रॉक्सी, टॉर (ओळख लपवणारं फुकट नेटवर्क) आणि डेटा सेंटरवरून येणारे बरेचसे अडवता येतात. साधे प्रॉक्सी रिक्वेस्टच्या हेडरमध्ये (सोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये) 'व्हाया' किंवा 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' टाकतात ते तपासायचं, पण तुमची साइट क्लाउडफ्लेअरच्या (साइटच्या पुढे राहून ट्रॅफिक गाळणारी सेवा) मागे असेल तर तो दुसरा हेडर सगळ्यांच्याच रिक्वेस्टला लागलेला असतो, त्यावर ब्लॉक लावलात तर साइट सगळ्यांनाच बंद! आणि लपूनछपून काम करणारे प्रॉक्सी हे हेडर पाठवतच नाहीत, म्हणून मी साइट सांभाळताना मुख्यतः आयपीवरच (इंटरनेटवरच्या पत्त्यावरच) भर देतो:

- टॉरच्या एक्झिट नोडची (जिथून टॉरचं ट्रॅफिक बाहेर पडतं ते सर्व्हर) यादी टॉर प्रोजेक्ट स्वतःच देतं, ती सारखी बदलते त्यामुळे रोज नवीन घ्या
- ॲमेझॉन, गुगल क्लाउडच्या आयपी रेंज त्यांनीच जाहीर केल्यात, घरी बसलेला माणूस सहसा तिथून येत नाही (गुगलबॉटला, म्हणजे सर्चसाठी साइट वाचणाऱ्या गुगलच्या प्रोग्रामला, मात्र सोडा, नाहीतर सर्चमधून गायब व्हाल)

व्हिजिटरचे 8080, 3128 असे प्रॉक्सीचे नेहमीचे पोर्ट उघडे आहेत का ते स्कॅन करा असंही काहीजण सांगतात, त्याच्या नादी लागू नका, साइट स्लो होते आणि हाती काही लागत नाही. रेसिडेन्शियल प्रॉक्सी यातून निसटणारच कारण आयपी कोणाच्यातरी घरच्या ब्रॉडबँडचा असतो. आणि एक, फक्त एका आयपीवरून खूप लोक येतायत म्हणून ब्लॉक करू नका, मोबाइल नेटवर्कवर बरेच ग्राहक एकच आयपीव्ही4 पत्ता वापरतात. संशय आला तर कॅप्चा किंवा ओटीपी लावा.