वाचकांचे प्रश्न : बाळाच्या रिपोर्टातलं ते जीन

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी कसबा बावड्याची. माझ्या लेकीचं बाळ ९ महिन्यांचं आहे, जन्मल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आकड्या सुरू झाल्या. आता दोन औषधं चालू आहेत, आकड्या कमी झाल्यात पण बाळ अजून मान धरत नाही. डॉक्टरांनी रक्त पुण्याला पाठवून जीनची टेस्ट करून घेतली, त्यात एसटीएक्सबीपी१ मध्ये बिघाड असं आलंय. जावई म्हणजे माझ्या नणंदेचाच मुलगा, त्यामुळं कोण म्हणतं नात्यात लग्न केलं म्हणून झालं, नणंदबाई माझ्या माहेरच्या रक्ताला दोष देतात, आणि लेक ग्रहणात भाजी चिरली म्हणून रडत बसते. हे जीन नेमकं करतंय काय? पुढच्या बाळालाही असंच होईल का?

उत्तर : ताई, आधी लेकीला जवळ बसवा आणि हे वाचून दाखवा. ग्रहणाचा, भाजीचा, तिनं काय खाल्लं काय उचललं याचा या आजाराशी काहीही संबंध नाही. या जीनमधले बहुतेक बिघाड आईकडंही नसतात आणि बापाकडंही नसतात, ते बीज तयार होताना किंवा गर्भाच्या अगदी सुरवातीला नव्यानं होतात. म्हणजे बहुधा तुमचं माहेरही नाही आणि नणंदबाईंचं घरही नाही.

नात्यातल्या लग्नाचं म्हणाल तर तो धोका खोटा नाही, पण तो मुख्यतः अशा आजारांचा जिथं जीनच्या दोन्ही प्रती, एक आईकडची आणि एक बापाकडची, बिघडाव्या लागतात. ह्याच घराण्यातलं दुसरं जीन एसटीएक्सबीपी२ घ्या, त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की प्रतिकारशक्तीच्या पेशी बेताल होतात, सारखा ताप, लिव्हर आणि प्लीहा सुजणं असलं दुखणं लागतं, तिथं नातं बघावंच लागतं. एसटीएक्सबीपी१ चं तसं नाही, फार क्वचित अपवाद सोडले तर एकच प्रत बिघडली की पुरे. रिपोर्टात हेटरोझायगस, म्हणजे एकच प्रत बिघडलेली, असा शब्द आहे का बघा, असला तर नात्यातल्या लग्नावर बोट ठेवायचं कारण उरत नाही. त्याच ओळीत पॅथोजेनिक, म्हणजे आजार करणारा बिघाड, लिहिलंय की अनिश्चित, हेही डॉक्टरांना विचारा, कारण अनिश्चित असेल तर आजाराचं कारण हेच असं अजून ठरलेलं नसतं.

आता जीनचं काम. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनानं, आणि ते रसायन भरलेल्या बारीक पिशव्या पेशीच्या टोकाशी तयार असतात, इतक्या बारीक की २५,००० एका ओळीत ठेवल्या तर कुठं १ मिलिमीटर भरेल. पिशवी पेशीच्या पडद्याला चिकटून एकजीव झाली की रसायन बाहेर पडतं. हे घडवणारी प्रोटीनं तीन, पिशवीवर सिनॅप्टोब्रेव्हिन आणि पडद्यावर सिंटॅक्सिन व स्नॅप-२५, ती एकमेकांत पिळली जातात आणि त्या पिळानं पिशवी पडद्यावर ओढली जाते. एसटीएक्सबीपी१ पासून बनणारं प्रोटीन, त्याला मंक१८ म्हणतात, ते इथं वस्तादाचं काम करतं, म्हणजे सिंटॅक्सिनला भलत्याशी भिडू न देता धरून ठेवतं आणि वेळ आली की बरोबर जोड लावून देतं. एक प्रत बिघडली की हे प्रोटीन साधारण निम्मंच बनतं, आणि मेंदूला निम्म्यात भागत नाही.

हे किती मोलाचं आहे ते २००० साली उंदरांत दिसलं. दोन्ही प्रती काढून टाकलेल्या पिल्लांचा मेंदू जन्मापर्यंत जवळजवळ नीट घडला होता पण त्यातून एकही निरोप सुटत नव्हता, आणि श्वास घेता न आल्यानं पिल्लं जन्मताच गेली. मुळात ह्या घराण्यातलं एक जीन सापडलं ते यीस्टमध्ये, १९७९ ला, रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांना. ह्या पिशव्यांच्या वाहतुकीसाठी २०१३ चं नोबेल शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस सुडहॉफ यांना मिळालं. यीस्टवरचं काम कुणाला बिनकामाचं वाटलं असेल, पण त्याच वाटेवर पुढं २००८ मध्ये जपानी संशोधकांनी बाळांच्या आकड्या आणि हे जीन यांचा संबंध दाखवला, म्हणून आज तुमच्या हातात निदान आहे.

पुढच्या बाळासाठी आधी लेकीची आणि जावयाची दोघांचीही ह्याच बिघाडासाठी टेस्ट करून घ्या. दोघांत नसला तर पुन्हा होण्याची शक्यता साधारण १ टक्का धरतात, शून्य नाही धरत कारण काही थोड्या बीजांत तो लपलेला असू शकतो. पुढं दिवस राहिले तर गर्भजल तपासून कळतं आणि अशा आजारासाठी नोंदणी असलेल्या केंद्रात ही तपासणी कायदेशीर आहे.

बाळासाठी मात्र आत्ताच धावपळ करा. आकडीचं औषध मनानं एक दिवसही बंद करू नका, बाळ बरं दिसलं तरी नाही. फिजिओथेरपी चालू करा, नंतर बोलण्याची थेरपी. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात जाऊन डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्राची, चौकशी करा. कुणाच्या आकड्या पुढं थांबतात, कुणाच्या नाही, पण शिकायला आणि चालायला बहुतेक मुलांना वेळ आणि मदत लागते. बिघडलेलं जीन दुरुस्त करणारं औषध आज नाही, प्रयोग चालू आहेत, त्यामुळं स्टेम सेलनं बरं करतो म्हणून लाखांनी पैसे मागणाऱ्याला दारातही उभं करू नका.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहतो, बीएस्सीला आहे. धनुर्वात आणि सुरकुत्यांवर टोचतात ते बोटॉक्स, दोन्ही मेंदूच्या निरोपाच्या ह्याच पिशव्यांवर घाव घालतात म्हणे, मग एकात अंग ताठ आणि दुसऱ्यात ढिलं असं उलटं कसं?

उत्तर : घाव सारखा पण जागा वेगळी. धनुर्वाताचं विष नसेतून वर चढून पाठीच्या कण्यात जातं आणि स्नायूला 'थांब' सांगणाऱ्या पेशींतलं सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं, थांबवणारंच कुणी नाही म्हटल्यावर अंग ताठतं. बोटॉक्स स्नायूजवळच्याच टोकाशी राहतं, स्नॅप-२५ कापतं, तिथून 'आवळ' हा निरोपच सुटत नाही म्हणून स्नायू सैल पडतो. पेशी हळूहळू नवं स्नॅप-२५ बनवते, त्यामुळं बोटॉक्सचा असर साधारण ३-४ महिन्यांत उतरतो.